दुहेरी दोरा

४ ऑक्टोबर

ठमे,

उसवताना कात्रीचं टोक बोटात गेलं, त्याचा हा डाग. बाहुलीचं डोकं अर्धं उघडून माझ्या मांडीवर आहे, कापूस टेबलभर झालाय, आणि बाबा दारातून म्हणतात, "अगं, तिनं बाहुली पाठव म्हटलंय. चिरफाड करून पाठव असं नाही म्हटलं."

तुझं कार्ड परवा मिळालं. चार ओळी. सहा वर्षांत तू लिहिलेलं सर्वांत लांब पत्र. चौतिसावा आठवडा. डोकं खाली. बाळाची पाठ माझ्या पाठीला. ती बाहुली असली तर पाठव. सही केली नाहीस, पण एवढा तुसडा 'ठ' दुसऱ्या कुणाचा नसतो.

बाहुली आहे. कपाटात वरच्या फळीवर, उशीच्या अभ्र्यात. परिचारिकांच्या शाळेच्या, बाळंतपण शिकवायच्या बाहुल्यांच्या मागण्या अजून येतात. यंदा चौदा बाळं आणि सहा कापडी कंबरा. शिवून होतात तशा जातात, घरात एकही राहत नाही. ही एकच राहिली. डोकं जरा सैल झालंय. नीट करून पाठवते. आठवडा धर.

पाठ पाठीला म्हणजे काय ते तुला मी सांगणं हसू येण्यासारखं आहे. तू शिकलीस, मी नुसती शिवते. पण माझ्या पद्धतीनं सांगते. लहान मुलाला घट्ट गळ्याचा झगा घालताना मुलानं हनुवटी छातीला टेकवली तर झगा सर्रकन उतरतो. तेच मूल वर बघायला लागलं की झगा कपाळावर अडतो आणि रडारड सुरू होते. गळा तोच, डोकंही तेच. तुझ्या बाळासारखं आईच्या पाठीला पाठ लावून बसलेलं बाळ बहुधा मान वर करून असतं, म्हणून डोक्याचा मोठा घेर आधी येतो. वेळ जास्त लागतो आणि कळा कमरेत येतात. पण अडेलच असं नाही. पुष्कळशी बाळं कळा सुरू झाल्यावर आपणहून वळतात. हे शाळेतल्या थोरल्या बाईंचं वाक्य आहे, माझं नाही, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

बाबा म्हणतात, "मी तर पायाळू. पाय आधी टाकून आलो. मी कुठे अडलो?" त्यांच्या आईला विचारायला हवं होतं.

दुकानात दिवसभर उभी राहत जाऊ नकोस. चष्मे बसूनही विकता येतात.

त्या वेळी मी काही बोलले असेन तर ते तू विसरली असशील. खूप दिवस झाले.

आई


१३ ऑक्टोबर

ठमे,

तुझं कार्ड आलं. "सल्ला नको. बाहुली." बरं. हा सल्ला नाही, ही हकिगत आहे.

मी रविवारी बाबांना विचारलं की चार पायांवर रांगत राहिलं तर पोट लोंबतं का. त्यांनी विचारलं, "कुणाचं?" मी म्हटलं, "कुणाचंही." ते लगेच सतरंजीवर उतरले. दोन हात, दोन गुडघे. म्हणाले, "छान वाटतंय गं, कंबर मोकळी झाली." आणि मग त्यांना उठता येईना. मी एका हाताला धरलं, ते खुर्चीला धरायला गेले, खुर्ची आली, ते नाही आले. शेवटी बसूनच चहा प्यायले. "तिला सांग," म्हणाले, "उतरणं सोपं आहे. चढायला नवरा जवळ ठेव."

काल थोरल्या बाईंकडे गेले होते. आता निवृत्त आहेत. खिडकीपाशी बसून शब्दकोडी सोडवतात आणि चुकलं की कोडं करणाऱ्याला शिव्या देतात. तुझं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"खुर्चीत मागे रेलून बसू नको म्हणावं. पुढे झुकून बसावं, टेबलावर हात टेकून. निजताना कुशीवर. कळा सुरू झाल्या की उताणं पडून राहायचं नाही. दुखायला लागलं की रांगतं व्हावं."

"म्हणजे वळेल ना?"

"वळेलच असं मी लिहून देणार नाही. पाठीला उतार पडतो, एवढं नक्की. बाळ आपल्या मनाचं असतं." मग त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं. तुला माहीत आहे ते बघणं. "तिला सांगितलंत का?"

"काय?"

"काय ते तुम्हाला ठाऊक आहे."

मी म्हटलं, मला उशीर होतोय.

"सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "अजून किती उशीर करणार?"

त्या कशाबद्दल बोलत होत्या ते आज लिहवत नाही.

बाहुली या आठवड्यात निघत नाही. कापूस दमट निघाला, उन्हात घातलाय. फोन करणार होते. पण फोनवर तू "हं" म्हणतेस, मी "बरं" म्हणते आणि दोघी फोन ठेवायची वाट बघतो. कागदावर निदान मला अडवायला तू नसतेस.

आई


२१ ऑक्टोबर

ठमे,

बाहुली या पार्सलात आहे. आधी हे वाच, मग तिला हात लाव.

कापूस दमट नव्हता. डोकंही सैल झालं नव्हतं.

शाळेच्या बाहुल्यांना मी पुढच्या आणि मागच्या टाळूच्या कडेनं एकेरी बारीक दोरा घालते. पुढची टाळू चौकोनी, मागची तिकोनी. डोळे बांधून, कापडी कंबरेत दोन बोटं घालून, कोणती कुठे ते सांगायचं. त्यावरून बाळाचं तोंड कुठे ते कळतं. थोरल्या बाईंनी मला तो दोरा मोजून दिला होता. म्हणाल्या होत्या, खऱ्या डोक्यावर याहूनही कमी लागतं, तेव्हा याहून जाड नको.

शाळेच्या पहिल्या महिन्यात तू तीनदा चुकलीस. तिसऱ्यांदा चुकून आलीस ती बूट न काढता पलंगावर पडलीस आणि जेवली नाहीस. मी ताट झाकून ठेवलं आणि उरलेल्या कापडातून घरी एक बाहुली शिवायला घेतली. तिला दुहेरी दोरा घातला. मेण लावून. टाळूच्या चारही कोपऱ्यांवर गाठ मारली. हातमोजे घालूनसुद्धा कळलं असतं. तुला सांगितलं, शाळेच्या मापाचीच आहे. महिनाभर जेवण झालं की ओट्यापाशी उभी राहून तू डोळे मिटून म्हणायचीस, "पुढची, डावीकडे. मागची, उजवीकडे." मी म्हणायचे, "शाब्बास." आणि परीक्षेत तू पहिली आलीस.

पुढे तू प्रसूतिगृहात लागलीस. तिसऱ्या महिन्यात, एका गुरुवारी, टपाल कचेरीत काम करणारी ती बाई आली. तिच्या बाळाच्या डोक्यावर सूज होती. अशा सुजेखाली कुणालाच काही लागत नाही, हे मला नंतर कळलं. तू कागदावर लिहिलंस, स्थिती योग्य. बाळाची पाठ पाठीला होती. साडेतीन तास तिनं उताणं पडून जोर केला. मग डॉक्टर आले आणि त्यांनी चिमट्यानं बाळ काढलं. बाळ रडलं नाही. अकरा दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि मग घरी गेलं. बाईला महिनाभर चालता येत नव्हतं. तू नोकरी सोडलीस. मला म्हणालीस, "माझ्या बोटांत काही नाही, आई."

नोकरी सोडलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या बाई घरी आल्या. तू आत निजली होतीस. त्यांनी ओट्यावरची बाहुली उचलली आणि अंगठा फिरवला. "हे डोकं कुणी केलं?" मी म्हटलं, मीच. त्यांनी बाहुली खाली ठेवली. "असं डोकं घेऊन कुणी जन्माला येत नाही, हो," म्हणाल्या. "तिला सांगा. तिच्या बोटांचा दोष नाही."

मी सांगितलं नाही. त्याऐवजी तुझं समाधान व्हावं म्हणून काहीबाही बोलले. मग तू गेलीस.

तुझं कार्ड आलं तेव्हा मला पहिली भीती ही वाटली की इतक्या वर्षांनी तू तिच्या डोक्याला हात लावशील आणि तुला कळेल. म्हणून उसवलं. एकेरी दोरा घालून पाठवायची म्हणून. सुई ओवून झाली होती. पण चांगले पंधरा दिवस जमलं नाही. शेवटी जुनाच दोरा घातला, जुन्याच भोकांतून. ती होती तशी आहे.

तुझ्या बोटांचा दोष नव्हता.

आई


४ नोव्हेंबर

ठमे,

पार्सल पोचल्याची पावती आली. त्यावर सही तुझ्या नवऱ्याची. तुझं काही आलं नाही.

मी वाट बघत नाही. बाबा बघतात. रोज सकाळी टपालपेटीत कोपरापर्यंत हात घालतात, रिकामा काढतात आणि मला सांगतात, "पाठ आहे अजून इकडे. वळेल आपणहून."

त्यांनी तुझं पत्र वाचलं. म्हणजे मी तुला लिहिलेलं, पाठवायच्या आधी. मी दिलं नव्हतं, पण टेबलावर होतं. वाचून झाल्यावर भांडी घासायला गेले. त्यांना मी एवढी भांडी एकदम घासताना कधी बघितलं नव्हतं. मग हात पुसत आले आणि म्हणाले, "तू तिला जे बोललीस ते यात नाही लिहिलंस." मी म्हटलं, काय बोलले मी? ते म्हणाले, "मी शेजारच्या खोलीत होतो."

मला ते शब्द आठवतात. लिहायला घेतले की पेन दुसरंच काहीतरी लिहितं.

गुडघ्याखाली उशी घे. जमीन टणक असते.

आई


१५ नोव्हेंबर, दुपार

ठमे,

तू या भिंतीच्या पलीकडे आहेस. मी बाहेर बाकावर. पिवळी भिंत आहे, खांद्याच्या उंचीवर टेकून टेकून काळी झालेली. समोर वजनाचा काटा. येणारा जाणारा प्रत्येक नवरा त्यावर एकदा उभा राहतो.

मी आले आहे हे तुला माहीत नाही. सकाळी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. "आई, तिनं तुम्हाला बोलवा असं सांगितलेलं नाही. मीच फोन करतोय. कळा पहाटे सुरू झाल्या. माझ्या हाताचा तिनं चुरा केलाय." मी बस धरली. बाबांनी पिशवीत सहा केळी आणि तुझ्या लहानपणचा एक मोजा घातला. मोजा का ते त्यांनाही सांगता आलं नाही. इथे पोचल्यावर मी तुझ्या नवऱ्याला म्हटलं, मी आल्याचं आत सांगू नका. कळा सोसायच्या आणि वर आईशी भांडायचं, एवढा व्याप तिला नको.

तुझं कार्ड परवा मिळालं. पिशवीत आहे. पाठ झालंय, तरी पुन्हा काढून बघितलं.

"दोरा दुहेरी होता हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. शाळेच्या बाहुल्यांवर माझं चुकायचं, म्हणून घरी येऊन तुझ्या बाहुलीवर करायचे. बरं वाटायचं. परीक्षेत पहिली आले ती लेखीत. बाहुली मागवली ती नवऱ्याला दाखवायला. तो म्हणतो, उलटं आहे तर वळवून टाका, त्यात काय. तू मला म्हणालीस, 'जाऊ दे, तुला हे जमणारं नव्हतंच.' मला एकच सांग. आधीपासून तसं वाटत होतं म्हणून दोरा दुहेरी घातलास का?"

परवापासून याचं उत्तर लिहून फाडते आहे. पाच कागद गेले. पाचही कागदांवर 'नाही' होतं.

हो.

तू बूट न काढता पडली होतीस, आणि ताट झाकताना माझ्या मनात आलं, हिला जमणार नाही. म्हणून दोरा दुहेरी घातला. नंतर त्या गुरुवारी सगळं झालं तेव्हा तेच मनातलं तोंडातून बाहेर आलं. माझा दोष लपवायला मला दुसरं काही शोधावं लागलं नाही. ते तयारच होतं.

पण मला वाटलं ते खरं नव्हतं. तीन आठवड्यांच्या शिकाऊ मुलीला अजून जमत नव्हतं, एवढंच खरं होतं. मी त्याचं 'जमणार नाही' केलं. आणि मग तुला कधी जमवून बघूच दिलं नाही. माझ्या बाहुलीवर सगळं कळायचं. "मला कळत नाही" असं म्हणायची वेळ मी तुझ्यावर येऊ दिली नाही.

ते वाक्य मी परत घेते. घेता येतं की नाही ठाऊक नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगते, ते खोटं होतं.

(चार वाजता) तुझी परिचारिका बाहेर आली. लहान आहे, बाहीवर शिकाऊची पट्टी. पाणी प्यायला आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही त्यांच्या आई ना? नाक तेच आहे."

मी म्हटलं, हळू बोल.

"त्या आत मलाच शिकवतायत," ती म्हणाली. "कळ आली की माझा हात पिरगळतात आणि कळ गेली की शिकवतात."

"काय शिकवते?"

"मी तपासलं. डोक्यावर सूज आहे, टाळूबिळू काहीच लागेना. मी म्हटलं, मला कळत नाही हो. वाटलं, आता ओरडतील. तर म्हणाल्या, बरं केलंस सांगितलंस. आता कान शोध. कानाची मोकळी कड ज्या बाजूला, त्या बाजूला डोक्याची मागची बाजू."

"सापडला?"

"सापडला! एवढासा, दुमडलेला." तिनं आपलाच कान दुमडून दाखवला. "पाठ पाठीलाच आहे अजून. मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्यांनीही तेच सांगितलं. ठोके चांगले आहेत, वाट बघू म्हणाल्या. तुमच्या मुलीनं सांगून टाकलंय, मी उताणी निजणार नाही, काय करायचं ते करा. आता कुशीवर आहेत. जरा वेळापूर्वी रांगत होत्या."

"बोलतेय का काही?"

"नवऱ्याला शिव्या देतायत."

"कुठल्या?"

तिनं सांगितल्या. त्या माझ्या आहेत. बाबांना देते त्या.

ती आत गेली. मी तुला इथूनच सांगते, तुला ऐकू येणार नाही. तू आत आहेस, तुझ्या पाठीचं हाड मोडायला आलंय, आणि त्या मुलीचं बोट तू कानापर्यंत नेतेस. मी यावर आणखी काही लिहीत नाही.

(साडेसहा) डॉक्टरीणबाई दोनदा आत-बाहेर झाल्या. दुसऱ्या वेळी पळत नव्हत्या. मी ते धरून बसले आहे. तुझा नवरा आला, काट्यावर उभा राहिला, उतरला. म्हणाला, "आई, दोन किलो कमी झालोय." मी त्याला केळं दिलं. त्याच्या हातावर तुझ्या नखांचे चार वण आहेत, चंद्रकोरीसारखे, एका ओळीत. ती ओळ सरळ आहे. मी शिवली असती तर तशीच आली असती.

(सात वाजून दहा मिनिटं) भिंत पातळ आहे. ऐकलं.

मग ती शिकाऊ मुलगी बाहेर आली. केस सुटलेले. "मुलगी! वळलीच नाही शेवटपर्यंत. तोंड वर करून आली, आमच्याकडे बघत. वेळ लागला, पण आपणहून आली. चिमटा नाही, काही नाही."

"आणि ती?"

"त्या बऱ्या आहेत. दोन टाके. त्यांनी विचारलं, बाहेर कोण बोलत होतं मघाशी. मी काही नाही सांगितलं." तिनं केस बांधायला घेतले. "पण त्यांना कळलंय बहुतेक."

भेटायला सकाळी या म्हणाले. तुझ्या नवऱ्यानं मला घराची किल्ली दिली. मी घरी जाऊन निजणार नाही, फक्त दूध तापवून ठेवणार आहे आणि तुम्ही दोघांनी सहा महिने न घासलेला तो चहाचा टोप घासणार आहे. तो टोप त्यानं मला वर्णन करून सांगितला, मला राहवणार नाही.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मोजा पायात बसतो का बघ." मग म्हणाले, "आणि तुझं काय?" मी म्हटलं, उद्या कळेल.

आई


१६ नोव्हेंबर

सकाळी आठ वाजता मला आत घेतलं. मुलगी तीन किलो शंभरची आहे. कपाळ सुजलेलं आहे, दोन-तीन दिवसांत उतरेल म्हणतात. तू जागी होतीस. मी पत्र पुढे केलं. तू म्हणालीस, "डोळे उघडत नाहीत माझे, तूच सांग." मी कॉटच्या पायथ्याशी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, 'हो'पासून. तू बाळाकडे बघत ऐकलंस. मग म्हणालीस, "बस आता, पाय दुखतील तुझे." मी बसले.